अकरावी कडी

छापील कागद हातात आला तेव्हा मी चष्मा लावून पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एकच शब्द शोधला. इंग्रजी मला बेताचंच येतं, पण आपल्या गावाचं नाव माणसाला कुठल्याही लिपीत ओळखू येतं. ते नव्हतं. समुद्रघोड्याचे फोटो होते, त्याच्या डोक्यावरच्या मुकुटाचं वर्णन होतं, गालावरच्या काट्याचं होतं, शेपटीच्या कड्या किती तेही होतं. सापडल्याचं ठिकाण मात्र 'उत्तर कोकण किनारा'. उत्तर कोकण! मुलीला स्थळ आलं, मुलाकडच्यांनी पत्ता विचारला, आणि आपण सांगायचं की आम्ही भारतात राहतो. तसलं हे.

मी कागद टेबलावर आपटला. बायको आतून म्हणाली, "सापडलं नाही ना? मला वाटलंच."

माझा राग समजायचा असेल तर माझा धंदा समजला पाहिजे. मी वसईच्या पट्ट्यातला वाडीवाला. सोनचाफा, केळी, नारळ. वडील मी शाळेत असतानाच गेले. वाडी होती, पण तिच्यावर भाऊबंदांचे डोळे होते आणि हातात काही नव्हतं. पहाटे चाफा खुडायचा, टोपलीत पानं अंथरून रचायचा आणि बाजारात नेऊन ओरडायचं, एवढंच मला येत होतं. मी इतरांपेक्षा जास्त ओरडलो. पुढे लोकांच्या वाड्यांचा माल घेऊ लागलो, टेम्पो घेतला, कळंबच्या कॉटेजवाल्यांना शहाळी पुरवू लागलो. मी घासाघीस करून घेतली नाही अशी एकही वस्तू माझ्या घरात नाही. लग्नाच्या वेळी भटजींशीही मी मुहूर्तावरून घासाघीस केली होती असं बायको सांगते. ते खोटं आहे. दक्षिणेवरून केली होती.

पण एका गोष्टीत मी जन्मभर हरत आलो. आमचा चाफा दादरला गेला की तो दादरचा होतो. आमच्या राजेळी केळ्यांची सुकेळी कुणाच्या तरी पाकिटात जाते आणि पाकिटावर भलत्याच गावाचं नाव छापलेलं असतं. पत्ता लिहायचा तर नालासोपारा नाहीतर विरार लिहावा लागतो, नाहीतर कुरिअरवाला येत नाही. गावाचं नाव पेपरात कधी येतं? रस्ता पाण्याखाली गेला की, नाहीतर पाण्याचा टँकर उलटला की. चांगल्या मालावर आमचं नाव मी अजून पाहिलेलं नाही. हा सल मी कुणाला बोलून दाखवत नाही असं मला वाटायचं. बायको म्हणते, दुसरं काही बोलतच नाही.

त्या सकाळी मी बंदरावर बोंबील घ्यायला गेलो होतो. तिथे माझा एक जुना दोस्त आहे, डोल लावणारा. डोल म्हणजे खुंटांना बांधलेली मोठी पिशवीसारखी जाळी, भरतीओहोटीच्या ओढीत माल आपोआप आत येतो. मी शेट नाही हे त्याला ठाऊक आहे, म्हणूनच तो मला शेट म्हणतो. माल निवडताना त्याने ढिगातून एक वाकडी वस्तू उचलून माझ्यासमोर धरली.

"शेट, ह्यो घोडा. घ्या, याचा भाव करा."

समुद्रघोडे मी पाहिले होते, पण वाळलेले, काडीसारखे. हा जिवंत होता आणि हाताच्या वितीएवढा. डोक्यावर काटेरी मुकुट, नळीसारखं तोंड, अंगभर जाड कड्या, जशा वेताच्या खुर्चीला असतात. शेपटी त्याने माझ्या करंगळीभोवती गुंडाळली आणि घट्ट धरली. काय सांगू, मला ते आवडलं.

"जाळ्यात आला का रोज सोडून देतो आमी," दोस्त म्हणाला. "याच्यावर कायदा हाय. पकडला त आत टाकतात. पानी बघा, पानी, मरंल तो."

आमच्या घराच्या वरच्या खोलीत तेव्हा एक मुलगी भाड्याने राहत होती. कॉलेजातून पुढचा अभ्यास करायला आलेली. खाडीतल्या आणि किनाऱ्यावरच्या माशांच्या नोंदी करायची. तिच्याकडे त्याची सरकारी परवानगी होती, जाळ्यात चुकून आलेलं मोजून परत सोडायची. मी दोस्ताला म्हटलं, बादली भर आणि चल. तो म्हणाला, "बोंबलांचं काय?" मी म्हटलं, बोंबील मरू दे. तो म्हणाला, "मेलेलेच हायत."

मुलगी दात घासत खाली आली आणि बादलीत बघून ब्रश तोंडातच धरून उभी राहिली.

"काका, हा कुठे मिळाला? थांबा, हात नका लावू. अहो काका, हात काढा ना!"

मग तिने धावपळ केली. पारदर्शक डबा आणला, त्यात समुद्राचंच पाणी घेतलं, शेजारी पट्टी ठेवली आणि फोटो काढायला लागली. उजवी बाजू, डावी बाजू, डोकं वरून, मुकुट जवळून. मी विचारत गेलो, ती सांगत गेली. समुद्रघोड्याला खवले नसतात. कातडीखाली हाडाच्या कड्या असतात. धडाच्या कड्या वेगळ्या मोजायच्या, शेपटीच्या वेगळ्या. मुकुट किती उंच आहे आणि त्याला टोकं किती, गालावरचा काटा एक का दोन आणि कुठे वळलेला, तोंडाची नळी डोक्याच्या किती पट, पाठीवरच्या पंखात काड्या किती. रंगावर जायचं नाही, रंग तो मनासारखा बदलतो. कुठली जात ते या सगळ्यावरून ठरतं.

"याचं पोट बघा," ती म्हणाली. "हा नर आहे. पिल्लं नर पोटात वाढवतो."

बायको दारात उभी होती. "ऐका," ती मला म्हणाली, "आणि इकडे चहा करायला सांगितला तर कंबर दुखते."

मुलीने नळीतून पाण्यात हवा सोडत दोस्ताला घाई केली, आणि तो बादली घेऊन परत निघाला. डोलीच्या पलीकडे नेऊन सोडतो म्हणाला, आणि सोडलाही. तो गेल्यावर ती फोटो मोठे करून बघत बसली. मी विचारलं, "कुठली जात?"

"एकदम सांगता नाही येणार काका. मुकुट खूप उंच आहे. इथे जो नेहमी मिळतो त्याचा असा नसतो. मोजावं लागेल नीट."

"म्हणजे नवीन असू शकते?"

"असं मी म्हटलं नाही."

"पण नाही असंही म्हटलं नाहीस."

ती हसली. हसली की गिऱ्हाईक अर्धं आपलं झालं, हे मला कळतं. मी लगेच व्यवहार मांडला. घोडा माझा नव्हता, समुद्राचा होता, मान्य. पण तो ढिगातून ओळखला कोणी, बोंबील सोडून आणला कोणी? तेव्हा नवीन जात निघाली तर नाव माझं नको, तुझं नको. गावाचं. मी हात पुढे केला. तिने सहज म्हणून त्यावर हात मारला. "ओके काका, डन."

ती सहज होती. मी नव्हतो. आमच्याकडे हातावर हात पडला की माल गेला.

दोन-चार दिवसांसाठी ती तिच्या घरी गेली. जाताना एक फोटो मला फोनवर देऊन गेली, कारण मी पिच्छा सोडत नव्हतो. वर बजावून गेली, कुणाला सांगू नका. मी तो फोटो स्टुडिओत नेऊन पाटाएवढा मोठा करून घेतला, ओटीवर टेकवला आणि भिंग घेऊन बसलो. तिचं पुस्तकही खोलीतून बायकोला काढायला लावलं. त्यात चित्रं होती आणि प्रत्येक जातीसमोर कड्यांचे आकडे. आकडे मला कुठल्याही भाषेत वाचता येतात.

मी मोजलं. धडाच्या कड्या दहा. शेपटीच्या सदतीस. पुन्हा मोजलं. दहा आणि सदतीस. संध्याकाळी दिवा जवळ घेऊन मोजलं. दहा, सदतीस. उंच मुकुटवाल्या, जाड कड्यांच्या घोड्यासमोर पुस्तकात शेपटीचा आकडा चाळिसाच्या आसपास होता. सदतीस ज्याला चालत होता त्याचा मुकुट अगदीच बसका. आणि धडाच्या दहा कड्या तर या दोघांनाही नव्हत्या. म्हणजे हा घोडा पुस्तकात नव्हता!

एक गोष्ट मला त्यात फार आवडली होती. पुस्तकात एकेका जातीला एकच आकडा नव्हता. नेहमी इतक्या, पण इतक्यापासून इतक्यापर्यंत चालतात, असं होतं. म्हणजे शास्त्रातही थोडं इकडेतिकडे चालतं. मला ते शास्त्र ओळखीचं वाटलं. पण मी पुढेमागे ताणून बघितलं तरी सदतीस त्या उंच मुकुटात बसेना. मग मी गप्प कसा बसणार?

दुसऱ्या दिवशी अख्ख्या गावाला माहीत होतं. देवळाच्या पारावर मी सांगितलं, बाजारात सांगितलं, चाफा द्यायला आलेल्या बायकांना सांगितलं. गावाच्या नावाचा समुद्रघोडा होणार, जगभरच्या पुस्तकांत. तरुण मंडळाने लगेच ठरवलं की गावात शिरतानाच्या भिंतीवर मोठा घोडा रंगवायचा आणि खाली ठळक अक्षरांत गावाचं नाव. रंगाचा खर्च मी उचलला. रंगाऱ्याला नमुना म्हणून तो फोटोही मीच दिला. लोक माझ्याशी जरा वेगळं बोलू लागले. एक म्हातारे बागायतदार, ज्यांनी उभ्या आयुष्यात माझ्या मालाला बरं म्हटलं नव्हतं, ते म्हणाले, "तुझ्या हातून काहीतरी झालं हो शेवटी."

मुलगी परत आली ती रिक्षातून उतरतानाच चिडलेली.

"काका, रिक्षावाला मला सांगतोय की नवीन जात सापडलीय! मी तुम्हाला काय सांगून गेले होते?"

"सापडली आहे," मी म्हटलं. "शेपटीला सदतीस."

"चाळीस आहेत."

"सदतीस. मी तीनदा मोजल्या."

"मी पण तीनदा मोजल्यात."

आम्ही ओटीवर बसलो. ती म्हणाली चाळीस, मी म्हटलं सदतीस. आवाज वाढले. माझा जास्त वाढला. मी म्हटलं, आजकालची पोरं यंत्रावर मोजतात, हाताने मोजायची सवय नाही. ती म्हणाली, तुम्हाला चष्म्याचा नंबर बदलायला हवा. शेवटी मी सवयीने बोललो, "ठीक आहे, अडतीस धर. तुझं माझं मिटवून टाकू."

"काका! हे काय मटार आहेत का?"

"बरं, धडाच्या किती म्हणतेस?"

"अकरा. आणि धडाच्या अकरा जवळपास सगळ्यांनाच असतात. त्यात काही विषयच नाही."

"दहा," मी म्हटलं. "तिथेच तर तू चुकतेस. दहा आहेत, म्हणूनच ती नवीन."

ती एकदम थांबली. फोटो माझ्यापुढे सरकवून म्हणाली, "काका, माझ्यासमोर मोजा ना. मोठ्याने."

मी बोट ठेवलं आणि मोजायला लागलो. एक, दोन, तीन. दहा झाल्यावर बोट पुढे सरकलं, आणि शेपटीची पहिली कडी मी एक म्हणून मोजली.

"दहाव्या आणि या कडीच्या मधली कुठे गेली?"

"कुठली?"

"ही. बोट हिच्यावरून गेलं तुमचं. तुम्ही काही बोलला नाहीत."

बायको दारातून एवढ्या मोठ्याने हसली की गडी बघायला आला. "वरचं फूल!" ती म्हणाली. "अगं, वरचं फूल हे मोजतच नाहीत!"

चाफा नाजूक असतो. हाताळताना एखादी पाकळी काळी पडते, गिऱ्हाईक कुरकुरतं. म्हणून आमच्या घरात आजोबांपासून पद्धत आहे, दहा फुलं मोजली की अकरावं न मोजता टाकायचं. तोंडाने त्याचा आकडा घ्यायचा नाही, ते मोजणीत नाही, ते गिऱ्हाइकाचं. मला समजू लागल्यापासून मी पहाटे अंधारात तसं मोजत आलो. नारळ मोजतो तसाच, केळीची पानं मोजतो तशीच. अकरावी वस्तू माझा हात बघतो, मी बघत नाही. धडाच्या अकरातली एक गेली, शेपटीच्या चाळिसातल्या तीन गेल्या.

मुलीने माझ्याकडून शेपूट पुन्हा मोजून घेतली, प्रत्येक कडीला तोंडाने आकडा म्हणायला लावून. चाळीस. हात सारखा पुढे पळत होता आणि ती त्याला मागे आणत होती, पहिलीतल्या मुलाला पाढे म्हणायला लावावेत तशी.

मला राग आला तो मोजणीचा नाही. माझी मोजणी प्रामाणिक आहे. शंभर मागणाऱ्याला मी नेहमीच शंभराहून जास्त दिलेत, आणि त्याच हिशेबामुळे लोक माझ्याकडे येतात. राग आला तो तिने पुढे सांगितलं त्याचा. उंच मुकुट आणि चाळीस कड्यांची ही जात शंभराहून जास्त वर्षांपूर्वीच पुस्तकात लिहून झालेली आहे, दूरच्या जपानी समुद्रातला नमुना बघून, आणि तिला नाव आहे एका परदेशी माणसाचं.

"त्याने कधी डोल ओढली होती?"

"नसेल ओढली."

"मग त्याचं नाव कसं?"

"आधी ज्याने वर्णन लिहिलं त्याने दिलं, काका. नंतर बदलता येत नाही."

ज्यात नंतर काहीच बदलता येत नाही असला धंदा मला पटत नाही. पण माझ्या हातात दुसरा माल उरला नव्हता. मग मी खाली उतरलो. जातीला नाव नको. पण तू लिहिशील त्यात ठिकाण तरी आमचं लिही. इथे एवढ्या मोठ्या अंगाचा, जिवंत, पोटुशी नर मिळाल्याची नीट नोंद पूर्वी नव्हती, हे तीच म्हणाली होती. मग ती नोंद कुठली? आमची. ती म्हणाली, "लिहीन काका." या वेळी मी हात पुढे केला नाही. शब्दावर विश्वास ठेवला. तिथेच फसलो.

पुढे ती गेली. तिचं काम संपलं, खोली रिकामी झाली. भिंतीवरचा घोडा मात्र मुकुटापर्यंत रंगून थांबला होता. नवीन जात नाही हे कळल्यावर मंडळाचा उत्साह गेला. मी त्यांना सांगितलं, थांबा, कागद छापून येऊ दे. त्यात गावाचं नाव असेल. मग आपण तेच अक्षर उचलून भिंतीवर रंगवू. कागद आला, आणि त्यात उत्तर कोकण किनारा.

मी तिला फोन लावला.

"काका, मी सांगणारच होते तुम्हाला. आमच्या गाईडसरांनी मुद्दामच—"

"सरांना घाल चुलीत. तू मला काय म्हणाली होतीस?"

"मीच काढलं ते नाव. सरांनी विचारलं आणि मलाही पटलं."

सरांवर ढकललं असतं तर मी तिला माफ तरी केलं असतं. ती समजावत होती. हे घोडे चोरून विकले जातात, वाळवून, औषधाला म्हणून, लांब लांबपर्यंत. कुठे मिळतो ते गावासकट छापलं की विकत घेणारे पहिले तिथे पोचतात. म्हणून अशा प्राण्यांचं नेमकं ठिकाण लिहायचं नाही अशी पद्धत आहे.

"चोर येईल म्हणून घरावर पाटी लावायची नाही?"

"काका, घरातून काही नेलं तर तुम्ही ओरडाल. ते ओरडू शकत नाहीत."

"माझ्याशी पुस्तकातलं बोलू नकोस," मी म्हटलं आणि फोन ठेवला. तिच्यासाठी म्हणून बायकोने सुकेळी बांधून ठेवली होती, ती मी पारावर वाटून टाकली. बायको दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. सुकेळी तिने वाळवली होती, मी नाही.

मला खरोखर वाटत होतं की हे सगळं शहरातल्या लोकांचं सोंग आहे. कुठल्या चोराला आमचं गाव सापडणार? कुरिअरवाल्याला सापडत नाही.

पावसाळा संपला आणि नारळाचं गिऱ्हाईक सुरू झालं, तेव्हा एक माणूस गावाबाहेर हमरस्त्यावर असलेल्या माझ्या वखारीत आला. स्वच्छ कपडे, गोड बोलणं, अर्धं हिंदी. हॉटेलला शहाळी हवीत म्हणाला. भाव विचारला, मी सांगितला आणि त्याने तो मान्य केला.

तेव्हाच मी सावध झालो. माझा पहिला भाव जो मान्य करतो त्याला शहाळी नको असतात.

चहा झाला. त्याने विचारलं, इकडे मासे कुठे चांगले मिळतात. मग विचारलं, डोलवाले कोण कोण आहेत. मग सहज, चहाचा कप ठेवता ठेवता म्हणाला, "सुना है इस साइड को घोडा मिलता है. मोठावाला. सुकवलेला पण चालेल."

"घोडा? कळंबला बीचवर असतात. पोरांना बसवतात."

तो हसला. "तो नाही शेठ. पानीवाला." त्याने फोन काढला आणि मला दाखवला. तोच कागद. तोच फोटो, तोच मुकुट, माझ्या ओटीवर पाटाएवढा होता तोच. "उत्तर कोकण लिहिलंय. एवढं मोठं उत्तर कोकण, कुठे कुठे फिरणार? कोणी म्हटलं तुम्हाला माहीत असणार. गाव का नाम बस बोल दो. तुमचं पण भलं होईल."

उभ्या आयुष्यात कुणी माझ्या गावाचं नाव इतक्या आशेने विचारलं नव्हतं. मी ते नाव पाकिटावर छापायला निघालो होतो, भिंतीवर, पुस्तकात. आणि आता ते माझ्या जिभेवर होतं आणि गिऱ्हाईक समोर बसलं होतं. करंगळीला ती शेपटीची पकड आठवली, असं मी लिहिलं तर कुणाला वाटेल मी मवाळ झालो. तसं नाही. मला त्याचा राग आला. हा माझ्याकडून नाव घेणार, आणि दोस्ताच्या डोलीतून एकेक घोडा वाळवून नेणार, पकडला गेला की दोस्त आत जाणार. आणि मालावर नाव? ते तेव्हाही नसणारच.

"कागदावर काय लिहिलंय म्हणालात?" मी विचारलं.

"उत्तर कोकण."

"मग शिकलेल्या लोकांनी लिहिलंय ते खोटं कसं असेल? फिरा उत्तर कोकण. आमच्या समुद्रात बोंबील आहेत आणि प्लॅस्टिक आहे."

त्याने भाव वाढवला. मी नारळ सोलत राहिलो. त्याने पुन्हा वाढवला. मग मी कोयता ठेवून माझा आवाज लावला, जो बाजाराच्या शेवटच्या गाळ्यापर्यंत जातो, आणि तो गाडीत बसला.

गाडी गावाकडच्या वळणावर गेली आणि माझ्या लक्षात आलं की ती गावाच्या वेशीवरून जाणार. वेशीवरच्या भिंतीवर मुकुटवाला घोडा उभा होता, आणि त्याच्याखाली मी कोळशाने आखून दिलेली अक्षरं. तो थांबला का, त्याने वर बघितलं का, मला माहीत नाही. मी स्कूटर काढून धावलो. गाडी नव्हती. मी तिथूनच दोस्ताला फोन केला, कुणी विचारायला आलं तर घोडा म्हणजे काय तेही तुला माहीत नाही. तो म्हणाला, "शेट, मला तर काइच म्हाईत नसतं." मग रंगाऱ्याला बोलावलं आणि सांगितलं, याच्यावर आजच्या आज रंग मार.

"सगळा पुसायचा?" त्याचा जीव तुटत होता. "शेठ, मुकुट बघा किती भारी आलाय. दुसरं काहीतरी करू यातून. आहे त्यात वळवतो."

"मग केळ्याचा घड कर."

त्याने केला. धडाच्या कड्यांच्या फण्या झाल्या, मुकुटाचा देठ झाला, नळी पुसली. पण शेपटीचा वळसा त्याला लपवता आला नाही. तो खाली तसाच गुंडाळलेला राहिला, केळफुलाच्या जागी. त्याच्याखाली गावाचं नाव आहे, मोठ्या लाल अक्षरांत, मला हवं होतं तितकं मोठं. इथे ते मी लिहिलेलं नाही. मंडळाच्या पोरांनी कारण विचारलं, तर मी सांगितलं, आपण बागायतदार, आपला घोड्याशी काय संबंध. पारावर आता माझं नाव निघालं की कुणीतरी हळूच टापांचा आवाज काढतं. त्या म्हाताऱ्या बागायतदारांनी परवा मला सगळ्यांसमोर अडवलं.

"काय रे, जगभर जाणार होता ना तुझा घोडा? आणि हा घड असा वाकडा काय? अशी केळी कुणाच्या वाडीत होतात?"

माझ्या तोंडाशी सगळं आलं होतं. मी म्हटलं, "माझ्या."

"वाटलंच," ते म्हणाले.